आधी काच, मग काडी: चष्मा-दुरुस्ती टेबलाच्या प्रकल्प नोंदी

२ जून, वडगाव, बेळगाव

टेबल मांडून झालं. वर पांढरा सनमायका, चारी कडांना दोन सेंमी उंचीची पट्टी. १.४ मिमीचा स्क्रू फरशीवर गेला की गेला, म्हणून पट्टी हवीच. हत्यारं थोडी, पण नेमकी: चपट्या तोंडाचे स्क्रूड्रायव्हर १.२, १.६ आणि २.० मिमी, एक बारीक फुलीचा, नायलॉनच्या जबड्याची पक्कड, टोकदार चिमटा, हातात धरून फिरवायचं पिन वाइस, त्याला ०.८, १.०, १.१ आणि १.२५ मिमीची ड्रिलं, आटे पाडायचे १.४ आणि १.६ चे टॅप, बारीक मापं घ्यायचं व्हर्नियर आणि दहापट भिंग. टॅप आणि ड्रिलं उद्यमबागेतल्या हत्यारांच्या दुकानात मिळाली. मशीनच्या कामाचं गाव असल्यामुळे इतकी बारीक मापंही इथं मागवावी लागत नाहीत.

येणाऱ्या प्रत्येक चष्म्यासोबत एक कार्ड, मराठी आणि कन्नड दोन्हीत छापलेलं. चाळिशीला कन्नडमध्येही चाळीसु म्हणतात, त्यामुळे तो शब्द दोन्ही बाजूंना तसाच ठेवला. कार्डावर तीन ओळी, आणि क्रम बदलायचा नाही: काच कशी आहे, फ्रेम कशाची आहे, तुटली कुठं आहे. लोक तिसरी ओळ आधी सांगतात, “काडी मोडलीय.” दुकानातही तिथूनच सुरुवात होते आणि तिथंच नवी फ्रेम गळ्यात पडते. काच त्या फ्रेमच्या आकाराला घासून बसवलेली असते. फ्रेम टाकली की चांगली काचही टाकावी लागते, आणि नंबराच्या काचेची जोडी बहुतेक वेळा फ्रेमपेक्षा महाग असते. म्हणून काच पहिली.

काचेवर ओरखडे नाहीत, कड उडालेली नाही, नंबर अजून चालतो, तर फ्रेमसाठी दोन तास गेले तरी चालतील. काचच गेली असेल किंवा नंबर बदलला असेल, तर फ्रेम कितीही सोपी असो, आधी डोळे तपासून यायला सांगायचं. चाळिशी ओलांडलेल्या माणसाने चार-पाच वर्षांत तपासणी केली नसेल तर हे दुप्पट लागू. काचबिंदू सहसा दुखत नाही, आणि चष्मा दुरुस्त झाला की माणूस दवाखान्याकडे फिरकत नाही.

५ जून

आलेल्या चष्म्यांत निम्म्याहून जास्त काम स्क्रूचं. स्क्रू पडला, टाचणी घातली, टाचणीने भोक मोठं केलं, मग आटे गेले. टाचणी लोखंडाची आणि सरळ अंगाची असते. ती आट्यांवर नुसती घासत राहते, आणि मऊ जर्मन सिल्व्हरचे (तांबं-निकेल-जस्ताच्या मिश्रधातूचे) आटे महिन्याभरात गुळगुळीत होतात. तारेचा तुकडा वळवून घातला तर त्याहून वाईट, कारण त्याची टोकं कानामागे बोचतात आणि काचेवर रेघ ओढतात.

नेहमीची मापं अशी: बिजागरीचा स्क्रू बहुधा १.४ मिमी, काच आवळणाऱ्या रिमचा १.२ ते १.४, नोजपॅडचा १.० ते १.२. डोळ्यांना १.२ आणि १.४ सारखेच दिसतात. व्हर्नियर लावल्याशिवाय स्क्रू घालायचा नाही. १.४ चा स्क्रू १.२ च्या आट्यात तिरका शिरतो, दोन फेरे छान बसल्यासारखा वाटतो आणि बिजागरीची नळी फाडतो.

आणखी एक गोष्ट नव्या हाताला लवकर कळत नाही. नेहमीच्या तीन नळ्यांच्या बिजागरीत आटे फक्त शेवटच्या नळीत असतात. वरच्या दोन्हींत स्क्रू मोकळा फिरायला हवा. वरूनच जोर लागत असेल तर नळ्या एका रेषेत नाहीत, तेव्हा स्क्रू थांबवून काडी हलवायची, स्क्रूड्रायव्हर दाबायचा नाही.

आटे गेले असतील तर दोन वाटा. नळीची भिंत जाड असेल तर १.२५ च्या ड्रिलने भोक मोठं करून १.६ चा टॅप, तेलाचा थेंब टाकून, अर्धा फेरा पुढे आणि पाव फेरा मागे. टॅप मोडला तर तो नळीतच अडकतो आणि तो फार कडक असल्यामुळे ड्रिलने बाहेर निघत नाही. भिंत पातळ असेल तर टॅपच्या नादी न लागता लांब स्क्रू आरपार घालून खालून १.४ चं नट. जादाचा स्क्रू कापायचा, टोक कानशीने गोल करायचं, नखाला लावतात त्या पॉलिशचा थेंब. नट जरा दिसतं, पण काडी वर्षभर हलत नाही.

स्क्रू सुटू नये म्हणून फार कडक लॉकिंग द्रव नको. जांभळा, कमी ताकदीचा, टाचणीच्या टोकावर येईल इतकाच. निळ्या, जास्त ताकदीच्या द्रवाने बसवलेला १.४ चा स्क्रू पुढच्या वेळी डोकं मोडूनच निघतो. आणि पॉलिकार्बोनेट या प्लास्टिकच्या काचेजवळ दोन्ही नकोत, त्याला बारीक चिरा पडतात. तिथं नेल पॉलिशही काच काढूनच.

९ जून

दुसरी ओळ: फ्रेम कशाची? हे चुकलं की पुढचं सगळं चुकतं. ‘टीआर ९०’ असं काडीवर छापलेलं असतं, पण छाप हा पुरावा नाही. टीआर ९० हे मुळात एका स्विस कंपनीच्या ग्रिलामिड नावाच्या पारदर्शक नायलॉनचं नाव. स्वस्त आयात मालात तीच अक्षरं कशावरही दिसतात.

टेबलावर दोन पेले ठेवले. एकात साधं पाणी, दुसऱ्यात १०० मिली पाण्यात ३६ ग्रॅम मीठ, ढवळून तळाला थोडं उरेपर्यंत. दोन्हींत भांड्याच्या साबणाचा एक थेंब, नाहीतर बुडबुडे चिकटून बुडणारा तुकडाही तरंगतो. काडीच्या आतल्या बाजूने, कानामागे झाकलं जाईल तिथून, ब्लेडने तांदळाच्या कणीएवढा कीस काढायचा. मिठाच्या पाण्यात बुडाला तर ऍसिटेट नावाचं प्लास्टिक, त्याची घनता १.३ च्या आसपास. मिठाच्या पाण्यात तरंगला आणि साध्या पाण्यात ना धड वर ना धड खाली असा रेंगाळला तर नायलॉन, घनता जवळजवळ १. साध्यात बुडाला, मिठात तरंगला तर एबीएससारखं साधं साच्याचं प्लास्टिक. मिठाच्या पाण्यात मध्येच लोंबकळला तर पॉलिकार्बोनेट समजायचं.

शंका राहिली तर त्याच झाकलेल्या जागी काडेपेटीच्या काडीने ऍसिटोनचा ठिपका. ऍसिटेट चिकट होतं, पॉलिकार्बोनेट पांढरं पडून तडकतं, नायलॉनला काही होत नाही. कीस जाळून वास घेणं शेवटचा उपाय: ऍसिटेटला व्हिनेगरचा, नायलॉनला केस जळाल्यासारखा.

१३ जून

ऍसिटेटची फ्रेम, नाकावरचा पूल मधोमध तुटलेला. काचा चांगल्या, सिलिंडरच्या नंबराच्या, म्हणजे ठरावीक दिशेला वेगळा नंबर असलेल्या. म्हणजे वाचवायचीच.

आधीच कुणीतरी फेविक्विक लावून पाहिलेलं होतं. तुटक्या फ्रेमचं सर्वांत मोठं नुकसान तुटल्यानंतरच्या पहिल्या दहा मिनिटांत होतं. ते गोंद कडक असतं पण ठिसूळ, पूल वाकला की ‘कट’ करून सुटतं. वर त्याची वाफ काचेवर पांढरी साय धरते आणि तुटीच्या दोन्ही तोंडांवर काचेसारखा थर बसतो, मग ऍसिटोनची जोडणी ऍसिटेटपर्यंत पोचतच नाही. तो थर आधी घासून काढला, प्रत्येक बाजूने साधारण अर्धा मिमी. म्हणजे पूल एक मिमीने अरुंद होणार. काडीवर ५२, मग चौकोन, मग १८ आणि १४० असं छापलं होतं: काच ५२ मिमी, पूल १८, काडी १४०. अठराचे सतरा झाले, नाकावर चालेल हे घालून बघूनच पुढे गेलो.

जोडणीचा सार, म्हणजे चिकटवायचा द्रव: जुन्या ऍसिटेट काडीचा कीस एक भाग, ऍसिटोन तीन भाग, वजनाने. काचेच्या घट्ट झाकणाच्या बाटलीत रात्रभर. दुसऱ्या दिवशी काकवीसारखा झाला पाहिजे. फ्रेमच्याच रंगाचा कीस घेतला तर शिवण कमी दिसते. ऍसिटोन ५६ अंशाला उकळतं आणि त्याची वाफ पटकन पेट घेते, त्यामुळे झाळकामाचं, म्हणजे ज्योतीने धातू जोडायचं टेबल आणि हे टेबल एका खोलीत नको.

काचा काढल्या. दोन्ही तोंडं २२० च्या पॉलिश पेपरने खरवडली. पिन वाइसने दोन्ही बाजूंना १ मिमीचं, पाच-पाच मिमी खोल भोक, त्यात स्टेनलेसची ०.८ मिमीची तार, टोकं कानशीने खडबडीत केलेली. भोकं समोरासमोर यावीत म्हणून एका भोकात पिन बसवून तिच्या टोकाला शाई लावली आणि दुसऱ्या तोंडावर ठसा घेतला. मग दोन्ही तोंडांना नुसतं ऍसिटोन, एक मिनिट थांबून सार, पिन बसवली आणि पंधरा मिनिटं दाबून धरलं. बाहेर आलेला सार पुसायचा नाही. पुसला की शिवणीवर खळगा पडतो.

१६ जून

तीन दिवसांनी शिवण दाबून पाहिली, कडक. दुसऱ्या एका फ्रेमला घाई केली होती, २४ तासांतच घासायला घेतलं, तर शिवणीत बुडबुडे उघडे पडले. बाहेरचा थर वाळतो आणि आतलं ऍसिटोन अडकून राहतं, घासताना ऊब लागली की फुगतं. जून-जुलैच्या हवेत ४८ तास हे कमीत कमी, ७२ बरे. हेअर ड्रायरने वाळवायचा मोह आवरावा.

घासणं: ४००, मग ८००, मग १२००, तिन्ही पाण्यात भिजवून. शेवटी कापडावर पॉलिशची लाल वडी. काचा परत बसवताना फ्रेम ६० अंशाच्या आसपासच्या पाण्यात अर्धा मिनिट, ऍसिटेट तेवढ्याने नरमतं. काच मात्र गरम पाण्यात घालायची नाही. तिच्यावरचा चकाकी-रोधक थर आणि खालचं प्लास्टिक सारखं प्रसरण पावत नाही, कोळ्याच्या जाळ्यासारख्या चिरा पडतात आणि त्या जात नाहीत. उन्हात गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवलेल्या चष्म्यांचं हेच होतं.

२० जून

खडे बाजार आणि गणपत गल्लीच्या बाजूला रस्त्यावर मिळणारे तयार चाळिशीचे चष्मे मोजायला घेतले. चीनमधल्या वेन्झोऊ, शेन्झेन, झियामेन आणि डानयांग या चार ठिकाणी जगातला चष्म्याचा बराचसा माल बनतो, आणि हे हलके चष्मे बहुतेक तिकडून मोठ्या शहरांतल्या घाऊक बाजारांमार्गे इथं येतात. वाईट म्हणून आधीच बाजूला सारणं बरोबर नाही. ज्याच्या दोन्ही डोळ्यांचा जवळचा नंबर सारखा आहे, सिलिंडर नाही, त्याला पोथी वाचायला हा चष्मा पुरतो. प्रश्न कुणाला पुरत नाही एवढाच.

नंबर मोजायला यंत्र लागत नाही. समोरच्या दूरच्या इमारतीची प्रतिमा काचेतून खोलीतल्या भिंतीवर पाडायची, ती स्पष्ट होईल तिथं काच ते भिंत अंतर मोजायचं. १०० भागिले सेंमीमधलं अंतर, की नंबर आला. +२.०० ला ५० सेंमी, +२.५० ला ४०. सूर्य वापरायचा नाही, कागद पेटतो. डाव्या-उजव्या काचेची अंतरं वेगळी आली तर चष्मा बाजूला.

दुसरं मोजमाप जास्त महत्त्वाचं. कागदावर मोठी फुली काढून काच वर धरली आणि हलवली, काचेतून दिसणाऱ्या रेषा बाहेरच्या रेषांना सलग जुळल्या की त्या बिंदूवर मार्करने ठिपका. तो काचेचा मध्य. दोन्ही ठिपक्यांमधलं अंतर चष्मा घालणाऱ्याच्या बुबुळांमधल्या अंतराशी जुळायला हवं, जवळ बघताना तर आणखी तीन-चार मिमी कमी. आजच्या एका चष्म्यात हे अंतर ६४ आलं. छोट्या चेहऱ्याच्या बाईचं ५६ असू शकतं. म्हणजे प्रत्येक डोळ्याला ४ मिमी चूक. +२.५० गुणिले ०.४ सेंमी, म्हणजे प्रत्येक बाजूला १ प्रिझम (काच नजर किती बाजूला वळवते त्याचं माप), मिळून २. डोळ्यांना गरजेपेक्षा जास्त आत वळावं लागतं. मग “चष्मा लावला की कपाळ दुखतं” ही तक्रार येते, आणि दोष नंबराला दिला जातो.

विणकर आणि विडी कामगार यांच्यात आणखी एक फरक, तो तयार चष्म्याच्या डब्यावर लिहिलेला नसतो. विडी वळणारी बाई हात ३३ सेंमीवर धरते, तिथं डोळ्याला एकूण ३ नंबराचं काम आहे. मागावर तुटलेला धागा गाठायचं अंतर ५० सेंमीच्या पुढे, तिथं २ नंबराचं. वय तेच, पण काचेत एका नंबराचा फरक. वडगाव-खासबागच्या विणकराने वाचनाचा चष्मा मागावर लावला तर तो पुढे वाकतो आणि पाठ धरते. चष्मा बदलून देण्याआधी कामाचं अंतर टेपने मोजून कार्डावर लिहायचं ठरलं.

२५ जून

अर्ध्या रिमचा चष्मा, खालचा नायलॉन दोरा तुटलेला. मासेमारीचा दोरा ताणतो आणि दोन महिन्यांत काच गळते, चष्म्याचाच ०.५ ते ०.६ मिमीचा घ्यायचा. एक टोक आतून बाहेर आणि परत आत, दुसरं टोक मोजून दीड-दोन मिमी आखूड कापायचं, मग सपाट रिबिनीने ओढून काचेच्या खाचेत बसवायचं. काच बोटाने फिरवून बघायची, फिरली तर दोरा सैल. फार ताणला तर काचेची कड उडते. वीस मिनिटांचं काम.

१ जुलै

धातूच्या फ्रेमचा पूल. चांदीच्या झाळीसाठी शहापूरच्या सराफ गल्लीत एका कारागिराकडे जागा मिळाली. बारीक ज्योत धरायचा हात सोनाराइतका दुसऱ्या कुणाचा नसतो.

तयारी: काचा, नोजपॅड, कानाच्या प्लास्टिक टोप्या, सगळं काढलेलं. तुटलेली तोंडं कानशीने चकचकीत धातूपर्यंत. जोडापासून १० मिमीवर दोन्ही बाजूंना ओल्या कापडाच्या पट्ट्या, म्हणजे बाकीचा रंग वाचतो, जोडाभोवतीचा जळणारच. टाकणखाराची पेस्ट. टाकणखार सुमारे ७४० अंशांना वितळतो, म्हणून त्याच्यासोबत त्याहून वर वितळणारं चांदीचं सोल्डर हवं. आणखी कमी तापमानाचं सोल्डर घेतलं तर टाकणखाराच्या जागी फ्लोराइडचा फ्लक्स लागतो. सोल्डर कॅडमियमविना आहे ना, हे विचारून घ्यायचं. कॅडमियमचा धूर फुफ्फुसाला मारतो, आणि तो दिसतोच असं नाही. फ्रेम समोरासमोर धरायला भाजक्या विटेवर तारेच्या आकड्यांनी बांधली. मोहरीएवढा सोल्डरचा तुकडा पुरला. ज्योत सोल्डरवर नाही, दोन्ही बाजूंच्या धातूवर. धातू तापला की सोल्डर आपणहून फटीत पळतं.

पहिली फ्रेम जमली. जर्मन सिल्व्हर, झाळीला सरळ.

दुसरी गेली. स्वस्त आयात फ्रेम, रिम आणि काडी जोडणारा कोपरा तुटलेला. ज्योत लावली आणि सोल्डर वितळायच्या आधी कोपराच खाली लोळला, बोटभर अंतरावर राखाडी गोळा. तो जस्ताचा ओतीव भाग होता, जस्ताचा हा मिश्रधातू ३८० अंशांच्या पुढे वितळतो. आधी ओळखता आलं असतं: तुटीचं तोंड भिंगाखाली साखरेसारखं दाणेदार होतं, आणि कानस लावल्यावर निळसर राखाडी दिसलं. जर्मन सिल्व्हरची तूट चिवट, ओढल्यासारखी असते. यापुढे दाणेदार तूट दिसली की ज्योत नाही. त्या ग्राहकाची काच शाबूत राहिली, कारण ती आधी काढली होती. त्याला तसं स्पष्ट सांगून फ्रेमचे पैसे आपल्याकडून भरले.

४ जुलै

कथलाची झाळ मारलेली फ्रेम. रेडिओ-टीव्हीच्या दुकानात केलेली असावी. कथील-शिशाचा जोड नाकावरच्या रोजच्या वाकण्याला टिकत नाही, आणि शिसं कातडीला लागतं. खरी अडचण पुढची: त्यावर चांदीची झाळ धरत नाही. उरलेलं कथील तापून मूळ धातूत शिरतं आणि जोड बिस्किटासारखा मोडतो. सगळं कथील कानशीने काढलं, भिंगाखाली पिवळट धातू दिसेपर्यंत. पुलाचे दोन मिमी गेले, तिथं जर्मन सिल्व्हरच्या तारेचा तुकडा मध्ये घालून दोन झाळी दिल्या. दीड तास. काच प्रोग्रेसिव्ह होती, दूरचा आणि जवळचा नंबर एकाच काचेत, म्हणून दीड तासाचं सार्थक.

टिटॅनियमची एक फ्रेमही आली होती, काडीवर तशी खूण. हवेत तापवलं की टिटॅनियम प्राणवायू शोषून ठिसूळ होतं, त्याला आर्गॉन वायूखाली लेझरने जोडतात. हात न लावता परत केली.

९ जुलै

खानापूरच्या बाजूचे चष्मे यायला लागले. तिकडच्या पावसात लोखंडी स्क्रू आठवड्यात गंजतो. गंजून बसलेल्या स्क्रूवर आधी तेलाचा थेंब, रात्रभर. सकाळी सोल्डरिंग आयर्नचं तापलेलं टोक स्क्रूच्या डोक्यावर दहा सेकंद, मग जोर. डोकं झिजलं असेल तर पातळ करवतीने नवी खाच. यापुढे फक्त स्टेनलेसचे स्क्रू ठेवायचे.

नोजपॅडभोवतीचा हिरवा थर म्हणजे घामाने सुटलेल्या तांब्याचे क्षार. जुन्या दातांच्या ब्रशने साबणपाण्यात घासून जातो. पण मुलामा उडून निकेल उघडं पडलं असेल तर काहींच्या नाकावर पुरळ उठतं. तिथं सिलिकॉनचे थोडे मोठे पॅड आणि पॅडच्या तारेवर पारदर्शक लाखेचा थर. पॅडची तार वाकवताना एकदाच, विचार करून. मागे-पुढे तीनदा वाकवली की धातू कडक होऊन मोडतो.

१६ जुलै

नायलॉनची फ्रेम, बिजागरी प्लास्टिकमधून उपटून आलेली. नायलॉनला गोंद धरत नाही. अरल्डाइटही नखाने सोलून येतं, ऍसिटोनचा उपयोग नाही. म्हणून गोंदावर भरवसा न ठेवता बांधणी. बिजागरीच्या पत्र्याला दोन आणि काडीला समोरासमोर दोन भोकं, १ मिमी. मोटर वाइंडिंगची २७ गेजची तांब्याची तार, साधारण ०.४ मिमी, दोन भोकांतून तीन वेढे, आतल्या बाजूला पीळ देऊन टोक प्लास्टिकमध्ये दाबलं. मग वर अरल्डाइट, जोडायला नाही, तार झाकायला आणि भोकं भरायला. हळू वाळणारं, २४ तास. पाच मिनिटांचं वापरू नये, घामाने मऊ पडतं. ताण तार घेते.

अशी बांधणी तयार चाळिशीच्या चष्म्यावर करायची का? काच साधी, सारखी, दोन्हीकडे एकच नंबर. तासभर त्यावर घालवणं परवडत नाही, हे आम्हाला मान्य आहे. पण ते चष्मे फेकलेही नाहीत. त्यांच्या काड्या, स्क्रू, नोजपॅड सुट्या भागांच्या डब्यात.

२३ जुलै

डब्यातल्या काड्यांची मापं घेऊन चिठ्ठ्या लावल्या. काडी जुळते ती लांबीवरून नाही, नळीवरून: समोरच्या दोन नळ्यांमधली फट आणि काडीच्या नळीची जाडी यांत ०.१ मिमीपेक्षा जास्त फरक नको, आणि नळीचं भोक पट्टीपासून किती वर आहे तेही सारखं हवं. फरक जास्त असेल तर काडी लोंबते. जाडी जास्त निघाली तर पॉलिश पेपरवर घासता येते, कमी निघाली तर पातळ पितळी वॉशर. काडी जुळली की फ्रेम वाचते, फ्रेम वाचली की काच.

जुनी काच नव्या फ्रेममध्ये बसवून मागणारे दोन जण आले. जुनी काच नव्या रिमपेक्षा मोठी असेल तरच घासून बसते, आणि तेव्हाही तिचा मध्य बुबुळासमोर राहायला हवा. −४.०० च्या काचेचा मध्य ३ मिमी सरकला तर १.२ प्रिझम. सिलिंडर असेल तर अक्षही फिरू द्यायचा नाही. दोघांच्याही काचा नव्या फ्रेमच्या रिमपेक्षा लहान होत्या. नवी फ्रेम घेऊन झालेली होती, जुनी घरी मोडकी पडली होती. दोन्ही जुन्या फ्रेम मागवल्या. एकीला फक्त स्क्रू हवा होता.

२ ऑगस्ट

स्प्रिंगची काडी. स्क्रू काढला की स्प्रिंग नळी आत ओढून घेते आणि भोकं जुळत नाहीत. लांब शेपटीचा स्क्रू वापरायचा. आधी काडी बाहेर ओढून भोकात पातळ सुई, नळी रेषेत धरून सुई मागे सरकवत स्क्रूची शेपटी आत, मग फिरवून शेपटी मोडायची. डबीतली स्प्रिंगच तुटली असेल तर उघडत बसू नये, काडी बदलावी.

८ ऑगस्ट, निपाणी

विडी कामगार बायकांसाठी दिवसभराचं टेबल. तंबाखूची धूळ बिजागरीत जाऊन तेलात घट्ट बसते आणि काडी अडते, तेव्हा इथं तेल टाकायचंच नाही. स्क्रू काढून ब्रश, कोरडं ठेवून परत. बहुतेक चष्मे तयार चाळिशीचे. प्रत्येकीचं सूप मांडीवर ठेवून कामाचं अंतर मोजलं, ३० ते ३५ सेंमी. फुलीच्या कागदावर काचेचे मध्य तपासले.

एका मावशीचा चष्मा गेली कित्येक वर्षं दोऱ्याने कानाला बांधलेला, डावी काडी नव्हतीच. काच मात्र डॉक्टरांनी दिलेली, दोन्ही डोळ्यांना वेगळी, सिलिंडरसह, एकही ओरखडा नाही. रोज पदराने नाही, धुतलेल्या सुती फडक्याने पुसत होत्या. ऍसिटेटची फ्रेम, पाच नळ्यांची बिजागरी. डब्यातली काडी ०.२ मिमी जाड निघाली, पेपरवर घासून बसवली, नवा १.४ चा स्टेनलेस स्क्रू. काडीचा रंग वेगळा आहे. मावशी म्हणाल्या, “राहू दे बाळ, डावी कुठली ते तरी कळंल.”

हुपरी इथून जवळ, चांदीच्या कारागिरांचं गाव. पुढच्या खेपेला धातूच्या सात फ्रेम तिकडे न्यायच्या: चार पुलाच्या, दोन पॅडच्या तारेच्या, एक रिमची. रिमची फ्रेम भिंगाखाली दाणेदार दिसते, ती ज्योतीला द्यायची नाही, नटावर बसते का ते आधी बघायचं. सातही फ्रेमच्या काचा काढून, नाव आणि डावी-उजवी लिहून, वेगवेगळ्या पाकिटांत ठेवल्या आहेत.